कोपरा दुमडलेली चिठ्ठी

आमच्या आईची भिशी १२ बायकांची होती. भुसावळच्या रेल्वे कॉलनीत, १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला, दर महिन्याला प्रत्येकीने ५० रुपये काढायचे. ६०० रुपये जमायचे आणि जिची चिठ्ठी निघेल तिला ते मिळायचे. भिशी चालवणारीची म्हणून पहिली भिशी आईची. उरलेल्या अकरा जणींच्या नावांच्या चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यात पडायच्या. एकीची निघाली की दहा, मग नऊ. चिठ्ठी काढायची ती लहान मुलाने, आणि त्या ओळीतल्या घरांत सगळ्यांत लहान मी होते. डबा हलवला जायचा, बायका बोलायच्या थांबायच्या आणि मी डोळे मिटून हात घालायचे.

एका महिन्यात आईने मला स्वयंपाकघरात बोलावून हळूच सांगितलं, "एका चिठ्ठीचा कोपरा दुमडलेला आहे. ती घे. पण हात घातल्याबरोबर नको, जरा चाळव आणि मग घे." मी तसंच केलं. चिठ्ठी पलीकडच्या घरातल्या काकूंची निघाली. त्यांच्या यजमानांचं ऑपरेशन ठरलं होतं आणि पैशांची जुळवाजुळव होत नव्हती. चिठ्ठीचं काकूंना काहीच ठाऊक नव्हतं. त्यांनी मला जवळ घेतलं, हातावर साखर ठेवली आणि म्हणाल्या, "पोरीच्या हाताला यश आहे हो."

वर्ष संपताना डब्यात जिची चिठ्ठी शेवटची उरली, त्या बाईंनी पुढच्या वर्षी भिशी सोडली. त्यांनाही नेमके त्याच महिन्यात पैसे हवे होते, मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी. हे आम्हाला फार उशिरा कळलं. त्या कुणाला काही बोलल्या नव्हत्या. बोलून उपयोग काय, असंच त्यांना वाटलं असणार. डबा कुणाची गरज ऐकत नाही, आणि त्यावरच तर सगळ्यांचा विश्वास होता.

या प्रसंगात नेमकं चुकलं काय, हे मला पुष्कळ वर्षं सांगता येत नव्हतं. पैसे कुणाचे बुडाले नाहीत. ज्या घराला गरज होती त्या घरात ते गेले. आईने स्वतःसाठी काही केलं नव्हतं. तरीही साखरेची ती चव मला आठवते आणि आठवली की बरं वाटत नाही.

आता मी हैदराबादला असते. ब्लॉकचेनवर चालणाऱ्या प्रोग्रॅम्समध्ये कुठे खोट आहे का, ते तपासण्याचं काम करते. या प्रोग्रॅम्सना त्या जगात 'करार' म्हणतात. अशा करारात कुठेही सोडत असली, म्हणजे कुणाला बक्षीस, कुणाला पाळी, कुणाला दुर्मीळ वस्तू हे नशिबावर ठरत असलं, की मी पहिला प्रश्न विचारते: तुमचा आकडा येतो कुठून? या एका प्रश्नाचा पाठलाग करताना मला आईच्या डब्याकडे परत यावं लागलं. तो रस्ता इथे सांगते.

ब्लॉकचेन म्हणजे, थोडक्यात, हजारो संगणकांनी प्रत्येकी आपापल्याकडे ठेवलेली एकच खातेवही. मालक कुणी नाही. एकमेकांना न ओळखणारे, एकमेकांवर विश्वास ठेवायला कारण नसलेले लोक ती चालवतात. ती टिकते एकाच गोष्टीवर: तीच नोंद दिली तर प्रत्येक संगणक तेच गणित करतो आणि त्याच उत्तरावर येतो. कुणाचं उत्तर वेगळं आलं तर तो खोटा ठरतो. अशा वहीला सोडत काढायला सांगणं मोठं अवघड आहे. सोडतीचं उत्तर आधी कुणालाच येता कामा नये, आणि ही वही तर सर्वांना सारखंच येणाऱ्या उत्तरांवर उभी. निव्वळ गणिती रीतीने यादृच्छिक संख्या काढू पाहणाऱ्या माणसाला गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांनी १९५१मध्ये थट्टेने पापी ठरवलं होतं. इथे ते पाप टाळायला जागाच नाही.

आणि सोडतीवाचून या वहीचं चालतही नाही. पुढचं पान कुणी लिहायचं, हेच मुळी सोडतीने ठरतं. ते आधी ठाऊक असेल तर लिहिणाऱ्याला गाठून विकत घेता येईल. ते कुणाला वळवता येत असेल तर तो पानांमागून पानं स्वतःच लिहीत राहील.

एकट्या संगणकापुरता हा प्रश्न बराचसा सुटलेला आहे. यंत्रातली सूक्ष्म विद्युत खरखर, कळ दाबण्याच्या वेळांतले बारीक फरक, असं बरंच काही गोळा करून त्यातून अंदाज न येणारी संख्या काढता येते. क्लाउडफ्लेअर या कंपनीच्या सॅन फ्रान्सिस्कोच्या कार्यालयात लाव्हा दिव्यांची एक भिंतच आहे. दिव्यांतले रंगीत मेणाचे गोळे वर-खाली फिरतात, कॅमेरा त्यांची छायाचित्रं घेतो आणि त्या चित्रांतून संख्या तयार होतात. माझ्या यंत्राने काढलेली संख्या मला पुरते. अडचण तुमची आहे. मी म्हणते, माझ्याकडे सात आला. तुम्ही का मानावं?

हवामानाची नोंद तपासता येते, सोनं कसावर घासता येतं. सोडतीतून आलेल्या आकड्याच्या अंगावर मात्र कसलीच खूण नसते. नशिबाने आलेला सात आणि मनाने ठरवलेला सात दिसायला सारखेच. निकालाकडे कितीही निरखून पाहिलं तरी तो प्रामाणिक होता की नाही, हे कळत नाही. ते कळायचं असेल तर तो निघाला कसा, ते पाहावं लागतं.

अमेरिकेतल्या आयोवा राज्यात हे फार महागात पडलं. अनेक राज्यांच्या लॉटऱ्या एकत्र चालवणाऱ्या संघटनेत संगणक सुरक्षेची जबाबदारी ज्याच्याकडे होती, त्यानेच आकडे काढणाऱ्या प्रोग्रॅममध्ये काही ओळी घुसडल्या होत्या. वर्षाच्या ठरावीक तीन दिवशी, काही अटी जुळल्या, की निघणारे आकडे त्याला आधी ओळखता येत. २९ डिसेंबर २०१०च्या सोडतीत त्याने घेतलेल्या तिकिटाला १ कोटी ४० लाख डॉलरहून मोठं बक्षीस लागलं. पकडला गेला तो आकड्यांमुळे नव्हे. बक्षीस मागायला उघडपणे कुणी येईना म्हणून चौकशी सुरू झाली आणि दुकानातल्या कॅमेऱ्यात तिकीट घेताना तो दिसला. २०१७मध्ये त्याला शिक्षा झाली. आकडे स्वतः काहीच बोलले नाहीत.

याच्या उलट उदाहरण १ डिसेंबर १९६९चं आहे. व्हिएतनाम युद्धासाठी कोणत्या तरुणांना आधी बोलवायचं, हे त्या दिवशी अमेरिकेत जन्मतारखांच्या सोडतीने ठरलं. ३६६ निळ्या प्लास्टिकच्या कुप्या, प्रत्येकीत एक तारीख. कुप्या काचेच्या बरणीत ओतल्या होत्या, टीव्हीवर सारा देश पाहत होता. लबाडी कुणी केली नाही. पण कुप्या महिन्यांच्या क्रमाने भरल्या होत्या आणि नीट ढवळल्या गेल्या नाहीत. शेवटी घातलेल्या वरच राहिल्या असाव्यात. निकाल अभ्यासकांनी तपासला तेव्हा वर्षाच्या अखेरच्या महिन्यांत जन्मलेल्यांचे क्रमांक सरासरीने बरेच वरचे आलेले दिसले. डिसेंबरात जन्मणं हा गुन्हा असल्यासारखं झालं. पुढच्या वर्षीपासून पद्धत बदलली, पण गेलेले गेलेच. मनात पाप नसलं म्हणजे सोडत आपोआप निर्मळ होते, असं नाही.

मग तिला निर्मळ करतं काय? मला याचं उत्तर महाभारताने दिलं. द्यूताच्या गोष्टी त्यात दोन आहेत, पण आपल्याला एकच लक्षात राहते. सभेतल्या द्यूतात दुर्योधनाचा पण आणि शकुनीचा हात, ही गोष्ट युधिष्ठिराला खटकली होती. एकाने दुसऱ्यासाठी खेळणं बरोबर नाही, असं तो म्हणालाही, पण खेळला. दुसरी गोष्ट वनपर्वात येते, नलाची. सर्वस्व हरलेला नल बाहुक नावाने अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाचा सारथी होतो. वाटेत ऋतुपर्ण बेहड्याच्या झाडाची पानं आणि फळं नुसत्या नजरेने मोजून दाखवतो आणि अश्वविद्येच्या बदल्यात नलाला अक्षहृदय शिकवतो. बेहड्याचं झाडच का, तर त्या काळी फासे बेहड्याच्या फळांचे असत. ती विद्या घेऊन नल पुष्कराशी पुन्हा खेळतो आणि राज्य परत मिळवतो. आपल्याला आनंद होतो. पण पुष्कराच्या जागी बसून पाहा. समोरच्याला जे कळतं ते त्याला कळत नाही, आणि फासा तर समोरच्याच्याच हातात आहे. शकुनी आणि परतलेला नल यांच्यात नीतीचा फरक डोंगराएवढा असेल. सोडत म्हणून पाहिलं तर दोन्ही डाव सारखेच.

यातून मला एक साधी कसोटी सापडली. ज्याला आधी कळलं आहे, त्याच्या हातात काही उरू नये. ज्याच्या हातात आहे, त्याला काही कळू नये. भिशीची चिठ्ठी लहान मुलाने काढायची, यामागचं शहाणपण हेच. नगरपालिकांच्या प्रभाग आरक्षणाच्या सोडतीतही आपल्याकडे शाळकरी मुलांकडून चिठ्ठ्या काढून घेतात. मूल निष्पाप असतं म्हणून नव्हे, तर निकालाशी त्याला काही देणंघेणं नसतं म्हणून. हात त्याचा, माहिती कुणाचीच नाही. माझ्या आईने त्या दिवशी माझ्या कानात सांगितलं तेव्हा ही व्यवस्था मोडली. माहिती आणि हात एका जागी आले.

ब्लॉकचेनवरच्या सोडतींची कथा म्हणजे हे दोन एकत्र येऊ नयेत, यासाठी केलेल्या खटपटींची कथा आहे. सुरुवातीला लोकांनी सोपी वाट धरली. वहीच्या प्रत्येक पानाला गणिताने निघणारा एक ठसा असतो, लांबलचक आणि आधी न ओळखता येणारा. तोच सोडतीचा आकडा म्हणून घेतला. पण पान लिहिणारा हा ठसा सगळ्यांच्या आधी पाहतो. निकाल आवडला नाही तर ते पान तो प्रसिद्धच करत नाही. मेहनताना बुडतो खरा, पण पणाला लावलेली रक्कम त्याहून मोठी असली तर सौदा परवडतो. काही करारांमध्ये तर पान लिहिणाऱ्याचीही गरज नव्हती. २०१८मध्ये गाजलेल्या फोमो थ्री-डी या इथेरियमवरच्या खेळात एक लहानसं बक्षीस अशा आकड्यांवरून ठरायचं, जे कुणालाही वाचता येत होते. काहींनी दुसरे करार लिहून तेच गणित आधी करून पाहिलं आणि जिंकणार असतील तरच खेळले. अशा फसवणुकीचा आणखी एक प्रकार म्हणजे खेळून पाहायचं आणि हरलो तर सगळा व्यवहारच मागे घ्यायचा. लहानपणी आपण याला रडीचा डाव म्हणायचो.

यापेक्षा चांगली वाट १९८१ची आहे, ब्लॉकचेनच्या कितीतरी आधीची. मॅन्युएल ब्लम या संगणकशास्त्रज्ञाने एक गमतीदार पण खरा प्रश्न घेतला. घटस्फोट झालेलं जोडपं, दोघं दोन शहरांत. गाडी कुणी ठेवायची, हे टेलिफोनवर नाणं उडवून ठरवायचं आहे. नाणं उडवणारा खरं सांगेल याची हमी काय? यावरच्या उत्तराचा गाभा असा. प्रत्येकाने आपला आकडा मनात ठरवायचा आणि तो जणू लाखबंद पाकिटात घालून दुसऱ्याच्या हवाली करायचा. पाकीट बाहेरून वाचता येत नाही, आणि दिल्यावर आतला आकडा बदलता येत नाही. गणितात अशी पाकिटं बनवता येतात. दोन्ही पाकिटं दिली गेल्यावर उघडायची आणि आकड्यांची बेरीज करायची. बेरीज सम आली तर गाडी तिची, विषम आली तर त्याची. दोघांपैकी एकानेही आपला आकडा खरोखर स्वैर निवडला असेल, तर बेरीजही स्वैरच. दुसरा कितीही लबाड असो.

या युक्तीत मला एक नैतिक विचार दिसतो. शब्द द्यायचा तो निकाल कळण्याआधी. आणि शब्द देताना सगळ्यांचं अज्ञान सारखं असायला हवं. पण पाकिटं उघडायची वेळ आली की ही समानता संपते. तिने आपलं पाकीट उघडलं. आता त्याला बेरीज कळते. ती त्याच्या विरुद्ध गेली असेल तर तो फोन ठेवून देऊ शकतो. "लाइन गेली," म्हणू शकतो.

शेवटी उघडणाऱ्याचा हा प्रश्न आजही पुरता मिटलेला नाही. इथेरियम या मोठ्या ब्लॉकचेनने १५ सप्टेंबर २०२२ रोजी आपली चालण्याची पद्धत बदलली. आता किमान ३२ इथर अनामत ठेवणाऱ्यांमधून पान लिहिणारे निवडले जातात. काळाचे तुकडे पाडलेले आहेत. १२ सेकंदांची एक पाळी, अशा ३२ पाळ्यांचं एक सत्र, म्हणजे ६ मिनिटं २४ सेकंद. पाळी आलेला प्रत्येक जण त्या सत्राच्या क्रमांकावर आपल्या गुप्त किल्लीने सही करतो आणि ती सही रँडाओ नावाच्या सामायिक मिश्रणात मिसळली जाते. या सहीचं वैशिष्ट्य असं की एका किल्लीची एका क्रमांकावर एकच सही होऊ शकते. त्यामुळे हवा तो आकडा घुसडता येत नाही. सत्र संपताना मिश्रणात जे असेल, त्यावरून पुढच्या पाळ्या ठरतात.

म्हणजे बोलणाऱ्याला काय बोलायचं याची निवडच ठेवलेली नाही. एकच निवड उरली: बोलायचं की गप्प बसायचं. बत्तिसाव्या पाळीच्या माणसापुढे आधीच्या सगळ्यांच्या सह्या उघड्या असतात. आपण सही दिली तर मिश्रण काय होईल आणि न दिली तर काय, दोन्ही त्याला आधी कळतं. शेवटच्या दोन्ही पाळ्या एकाच मालकाच्या असतील तर चार शक्यता, तीन असतील तर आठ. ज्याची अनामत मोठी, त्याच्या वाट्याला असा योग अधिक वेळा येणार. फायदा प्रत्येक वेळी थोडाच, पण तो आहे.

मग गप्प बसणाऱ्याला जबर शिक्षा का नाही? इथेरियमच्या नियमांत शिक्षेच्या दोन पायऱ्या आहेत. एकाच पाळीत परस्परविरोधी दोन पानांवर सही केली, तर अनामतीला कात्री लागते आणि हकालपट्टी होते, कारण दोन सह्या हा उघड पुरावा असतो. गैरहजेरीला मात्र किरकोळ किंमत आहे. पान लिहायची पाळी चुकवली तर मुख्यतः त्याचा मेहनताना बुडतो. कारण मौनाला पुरावा नसतो. हिशेब करून गप्प बसलेला आणि वीज गेल्यामुळे गप्प झालेला, बाहेरून दोघं सारखेच दिसतात. मौनाला कडक शिक्षा ठेवली, तर घरच्या साध्या जोडणीवर, लोडशेडिंगच्या गावात यंत्र चालवणारा आधी मारला जाईल. ज्याच्याकडे जनरेटर आणि तीन-तीन इंटरनेट जोडण्या आहेत, तो हवं तेव्हा बोलेल. खोटं बोलण्याला शिक्षा करणारे कायदे माणसाने पुष्कळ केले. कळूनसवरून गप्प राहण्याला शिक्षा करताना त्याचा हात नेहमी अडखळतो, आणि त्या अडखळण्याला कारण आहे.

या मौनावर जे तीन उपाय सुचवले गेले, त्यांकडे मी तीन नीतिविचार म्हणून पाहते.

पहिला दंडाचा. पाकीट न उघडल्यास अनामत जप्त. सोपा आहे, पुष्कळदा पुरतोही. पण दिलेल्या शब्दाला किंमत लावली की तो विकत घेता येतो. दंडाहून बक्षीस मोठं असेल तर शब्द मोडणं हा निव्वळ हिशेब होतो, आणि श्रीमंताला तो हिशेब लवकर परवडतो.

दुसरा पंचांचा. गुप्त संख्या एकाकडे न ठेवता तिचे तुकडे अनेकांकडे द्यायचे. ठरावीक संख्येने तुकडे आले की उत्तर पुरं होतं, एखाद-दुसरा रुसून बसला तरी अडत नाही. २०१९पासून विद्यापीठं आणि कंपन्यांचा 'लीग ऑफ एन्ट्रॉपी' हा गट 'ड्रँड' नावाच्या व्यवस्थेतून अशा सार्वजनिक संख्या ठरावीक वेळाने प्रसिद्ध करतो. लाव्हा दिव्यांची क्लाउडफ्लेअर त्यातलीच एक. इथे शेवटचा माणूसच नाहीसा केला आहे. मात्र पुरेसे पंच आतून एकत्र झाले तर पुढचे सगळे आकडे त्यांना आधी कळतील, आणि बाहेर कुणाला पत्ताही लागणार नाही. गावकी, भावकी, पतपेढीचं संचालक मंडळ पाहिलेल्या वाचकाला हा धोका समजावून सांगायला नको.

तिसरा उपाय काळाचा. मिश्रण तयार झालं की त्यावर असं गणित करायचं, जे कितीही यंत्रं जोडली तरी झटपट होत नाही. एका पायरीनंतरच दुसरी करावी लागते. उत्तर मात्र चटकन तपासता येतं. २०१८मध्ये डॅन बोने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याला नेमकं रूप दिलं. आता शेवटच्या माणसाला बोलायचं की गप्प बसायचं हे ठरवावंच लागतं, पण निकाल कळायच्या आत. कळेपर्यंत वेळ गेलेली असते.

मला यातला तिसरा विचार सगळ्यांत जवळचा वाटतो. जॉन रॉल्स या तत्त्वज्ञाने १९७१च्या आपल्या ग्रंथात न्यायाची कल्पना अशीच मांडली होती. समाजात आपल्या वाट्याला कोणती जागा येणार, हे ठाऊक नसताना माणसं जे नियम मान्य करतील, ते न्याय्य. पुष्कळांनी विचारलं, की आपण कोण आहोत हे विसरणारी माणसं आणायची कुठून? सोडतीच्या लहानशा अंगणात त्या अज्ञानाचा पडदा खरोखर शिवता येतो. माणसाला चांगलं होण्याची विनंती करावी लागत नाही. त्याला योग्य वेळी अनभिज्ञ ठेवलं की पुरतं.

पण पुरतं ते कशाला, हेही पाहायला हवं. मुंबईत म्हाडाच्या घरांची सोडत संगणकावर निघते. शिक्षण हक्क कायद्याखाली खासगी शाळांच्या २५ टक्के जागांसाठी दुर्बल घटकांतल्या मुलांची ऑनलाइन सोडत निघते. या सोडती निर्मळच हव्यात, आणि ज्याचं नाव आलं नाही त्याला त्या पडताळता यायला हव्यात. लक्षावधी लोकांचं त्यावर अवलंबून आहे. मात्र आकडा स्वैर निघाला याची खात्री पटली, की आपण एक प्रश्न विचारायचा थांबतो: डब्यात चिठ्ठ्या इतक्या आणि घरं इतकी थोडी का? सोडत कुणावर अन्याय झाला नाही एवढंच सांगते. न्याय झाला, असं ती सांगू शकत नाही. माझ्या व्यवसायातले लोक हे दोन सहज एक समजतात. मीही समजत होते.

गेल्या दिवाळीत भुसावळला गेले तेव्हा आईला मी त्या चिठ्ठीबद्दल विचारलं. तिला सगळं आठवत होतं. मी म्हटलं, "सगळ्या बायकांना सरळ का नाही विचारलंस? या वेळी चिठ्ठी नको, यांना देऊ या, असं. कुणी नाही म्हटलं नसतं."

"नसतंच म्हटलं," आई म्हणाली. "आणि मग तिला वर्षभर अकरा जणींचे उपकार वागवावे लागले असते. चिठ्ठी निघाली, म्हणून तिने मान वर करून पैसे घेतले."

चिठ्ठीचा हा गुण मला कुठल्याच शोधनिबंधात सापडला नव्हता. सोडतीतून मिळालेल्या गोष्टीसाठी कुणाचे आभार मानावे लागत नाहीत. आईला काकूंसाठी तेच हवं होतं. निर्णय माणसाचा आणि मान नशिबाचा, असं तिने दोन्ही मिळवून दिलं. तिचं चुकलं ते इथेच, असं मला आता वाटतं. गरज ओळखून द्यायला हरकत नव्हती. पण नशिबाचं नाव उसनं घेताच तिचा निर्णय कुणाला दिसेनासा झाला. जो दिसत नाही त्याला कुणी हरकत घेऊ शकत नाही, आणि त्याच्यापुढे जाऊन 'मलाही गरज आहे' असंही म्हणू शकत नाही. शेवटच्या चिठ्ठीच्या बाई म्हणूनच गप्प राहिल्या.

मी तिला माझी कसोटी सांगितली. ज्याला कळलंय त्याच्या हातात नको, ज्याच्या हातात आहे त्याला कळायला नको.

"मला कळलं होतं आणि माझ्याच हातात होतं," ती म्हणाली, "म्हणून तर केलं. दुसरं कोण करणार होतं?"

मी काही बोलले नाही. ती गव्हातले खडे वेचत होती. थोड्या वेळाने मी विचारलं, "आणि त्या दुसऱ्या बाईंचंही तेव्हाच कळलं असतं तर?"

तिचे हात थांबले. तिने बराच वेळ विचार केला.

"दोघींचं कळलं असतं," ती म्हणाली, "तर मग चिठ्ठीच काढली असती. दोघींचीच. आणि तुला स्वयंपाकघरात बोलावलं नसतं."